पागलखाना शरीफ ते शुभार्थी : मानसिक आरोग्यातली नावे कशी वापरावीत

मानसिक आजार असलेल्या किंवा मेंदूची घडण इतरांहून वेगळी असलेल्या माणसाला तीन ठिकाणांहून नावे मिळतात. एक नाव केसपेपरवर येते : स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ऑटिझम, एडीएचडी. दुसरे घरात, वर्गात आणि चौकात पडते : येडा, मेंटल, अर्धवट, सायको. तिसरे तो माणूस स्वतःसाठी निवडतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती निवड कधी होतच नाही. केसपेपरवरच्या नावाने औषध आणि सवलत मिळते. चौकातल्या नावाने माणूस बाजूला पडतो. स्वतः निवडलेल्या नावाने आपल्यासारखी आणखी माणसे सापडतात. एका ठिकाणचे नाव उचलून दुसऱ्या ठिकाणी लावले की घोळ सुरू होतो.

नागपुरात हा घोळ पत्त्यातच आहे. मानकापूरकडच्या रस्त्यावरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. महाराष्ट्रात अशी सरकारी मनोरुग्णालये चार : येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि हे. फाटकावरची पाटी काळाप्रमाणे बदलली, पण जवळच्या चौकाला लोक अजून पागलखाना चौकच म्हणतात. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मनीषनगरातून एखादे कुटुंब पहिल्यांदा तपासणीला निघते, तेव्हा ऑटोवाल्याला सांगायचा पत्ताच त्यांच्या तोंडून निघत नाही. मग ‘मेडिकल’ला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा मिहानमधल्या एम्सला जाऊ, असे ठरते. तिथेही मनोविकार विभाग आहे, तेव्हा त्यात नुकसान काहीच नाही. काही जण मात्र लाजेने कुठेच जात नाहीत, आणि दुखणे जुने होते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारानुसार सुमारे ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. या अंतराला पैसा, डॉक्टरांची कमतरता अशी अनेक कारणे आहेत. नावाची धास्ती त्यांपैकी एक.

प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या याच आवाराचे दुसरेही एक नाव शहरात चालते. कामठीत १८६१ साली जन्मलेल्या सूफी संत ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये वेडा ठरवून इथे कोंडण्यात आले. सुमारे सोळा वर्षांनी, १९०८ मध्ये, राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून आणले. उमरेड रोडवरच्या ताजबागेतल्या त्यांच्या दर्ग्यावर आज सर्व धर्मांचे लोक जातात, आणि बाबा जिथे कोंडले गेले त्या जागेला भाविक ‘पागलखाना शरीफ’ म्हणतात. हिणवणारा शब्द तसाच ठेवला आणि त्याला तीर्थस्थानाचा मान जोडला. भाषा परत मिळवण्याचे याहून चांगले उदाहरण शोधायला नागपूरकराला शहराबाहेर जायला नको. विदर्भाला हे नवेही नाही : रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना गावातले कित्येक लोक वेडे समजत, महानुभाव पंथ त्यांना ईश्वराचा अवतार मानतो.

हे उदाहरण नीट पाहिले तर परत मिळवलेल्या शब्दाच्या अटी त्यात दिसतात. ‘पागलखाना शरीफ’ हे नाव बाबांना आपले मानणाऱ्यांनी दिले. ते आपसात, श्रद्धेने बोलले जाते, आणि ऐकणाऱ्याला त्यामागची गोष्ट ठाऊक असते. तोच भाविक घरी येऊन शेजारच्या पोराला ‘पागलखान्यात पाठवू का बे?’ असे म्हणाला, तर शब्द पुन्हा होता तिथे जाऊन बसतो. या मानाला एक मर्यादाही आहे. तो एका वलीला मिळाला. त्या सोळा वर्षांत त्याच भिंतींआड असलेल्या बाकीच्यांपैकी कोणाच्या वाट्याला तो आला नाही. वेड्यातला संत ओळखणे समाजाला जमते, वेड्यातला साधा माणूस ओळखणे जड जाते. ‘डोके फिरलेले असतात तेच मोठे कलावंत होतात’ या कौतुकाचीही गत तीच. ज्याला फक्त रात्रीची झोप आणि नियमित नोकरी हवी आहे, त्याला त्या कौतुकाचा उपयोग नाही.

सबंध समाजगटाने नाव स्वतः निवडण्याचा महाराष्ट्रातला मोठा अनुभव ‘दलित’ या शब्दाचा आहे. वरून मिळालेले ‘हरिजन’ नाकारून हा शब्द चळवळीने अभिमानाने मिरवला; १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तो घराघरांत नेला. पण त्याच शब्दाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्रालयाने वाहिन्यांना ‘अनुसूचित जाती’ हा घटनेतला शब्द वापरण्याची सूचना दिली. त्यावरही आक्षेप आलेच. म्हणजे एकाच समाजातल्या काहींना जे नाव ताठ मानेने उभे करते, ते दुसऱ्या काहींना नको असते, आणि दोघांनाही तसे वाटण्याचा हक्क असतो. मानसिक आरोग्याच्या शब्दांबाबत हाच अनुभव येतो. कॅनडातल्या टोरांटोत १९९३ साली मनोरुग्णालयांचा अनुभव घेतलेल्यांनी मिरवणूक काढली. त्यातून पुढे ‘मॅड प्राइड’ म्हणून ओळखली जाणारी चळवळ उभी राहिली. ‘मॅड’ हा शब्द त्यांनी स्वतःहून घेतला. भारतात पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी दुसरी वाट धरली आणि ‘मनोसामाजिक अपंगत्व’ अशी हक्कांची भाषा आग्रहाने मांडली : अडचण फक्त माणसाच्या डोक्यात नसते, समाजाने घातलेल्या अडसरांतही असते. दोन्ही वाटा खऱ्या आहेत आणि दोन्ही न पटणारे रुग्णही आहेत.

सरकारने किंवा सज्जनांनी वरून दिलेली गोड नावे फारशी रुजत नाहीत, निदान कुरबुरीशिवाय तरी नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावे असे सुचवले. आज तो शब्द सरकारी कागदावर सर्वत्र आहे, महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे, तरी अपंग हक्क चळवळीतल्या अनेकांचा त्याला विरोध कायम आहे. आम्हाला दैवी अंग नको, रॅम्प हवा, असा त्यांचा मुद्दा. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ असे संबोधन वापरण्याचा विषय काढला, तेव्हा तर इतकी टीका झाली की निर्णय झालेला नाही असा खुलासा करावा लागला. ‘स्पेशल चाइल्ड’ हे शाळांतले आवडते नाव याच जातीचे. ते ऐकून पालकांना बरे वाटते, पण मुलाला काय जमते, काय जमत नाही आणि त्याला कोणती मदत लागते, यातले काहीही त्यातून कळत नाही.

मराठीत एक नाव मात्र आतून आले आणि टिकले. स्किझोफ्रेनियासारखा दीर्घ आजार असलेल्याला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्या आप्ताला ‘शुभंकर’ म्हणण्याची पद्धत स्वमदत गटांत पडली. असे गट चालवणारी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही पुण्याची संस्था उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. घरातल्या आजाराचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा स्किझोफ्रेनियावरचा चित्रपट त्यांच्याच पुढाकाराने निघाला. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळानेही पुढे हेच दोन शब्द घेतले, म्हणजे ते मनाच्या आजारापुरते राहिले नाहीत. ‘रुग्ण’ म्हटले की माणूस अंथरुणावर झोपलेला डोळ्यांपुढे येतो. ‘शुभार्थी’ काहीतरी मागत असतो, शोधत असतो. शिवाय काळजी घेणाऱ्याला मराठीत त्याआधी नावच नव्हते, तो नुसता ‘पेशंटबरोबरचा’ होता. या शब्दांचीही अडचण आहेच : ते गटात कळतात, पण बँकेत किंवा तहसीलमध्ये ‘मी शुभार्थी आहे’ म्हटले तर समोरचा पाहत राहतो. म्हणून गटात आणि घरात हे शब्द, कागदावर कायद्याचे शब्द, अशी वाटणी सोयीची पडते.

ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया यांचा हिशोब थोडा वेगळा आहे. हे आजार येऊन जाणारे नसतात, मेंदूची घडणच तशी असते. नव्वदीच्या दशकात ऑटिस्टिक लोकांच्या गटांतून ‘न्यूरोडायव्हर्सिटी’चा विचार पुढे आला, ऑस्ट्रेलियातल्या ज्युडी सिंगर यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते, पण तो अनेकांनी मिळून घडवलेला आहे. त्यातून ‘न्यूरोडायव्हर्जंट’ ही ओळख निघाली. मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ हा शब्द रुळलेला आहे. ‘स्वमग्न मुलगा’ म्हणावे की ‘स्वमग्नता असलेला मुलगा’, यावर पालक आणि शिक्षक वाद घालतात. ब्रिटनमधल्या २०१६ सालच्या एका पाहणीत ऑटिस्टिक प्रौढांचा कल पहिल्या रचनेकडे दिसला, तर व्यावसायिकांना दुसरी बरी वाटत होती. कारण सरळ आहे : ज्याला ही घडण आपल्यापासून वेगळी काढता येत नाही, त्याला ‘असलेला’ म्हणजे खिशात काहीतरी घेऊन फिरत असल्यासारखे वाटते. उलट नैराश्य किंवा ओसीडी असलेल्या बहुतेकांना ‘तो डिप्रेस्ड आहे’ यापेक्षा ‘त्याला नैराश्य आहे’ हेच बरे वाटते, कारण ते जावे अशीच त्यांची इच्छा असते. सगळ्यांना एकच नियम लावण्यापेक्षा ‘तुझ्याबद्दल सांगताना काय म्हणू?’ असे एकदा विचारावे. ज्याला बोलून सांगता येत नाही त्याच्याबाबत आईवडील वापरत असलेला शब्द वापरावा, आणि मूल समोर असताना त्याच्या डोक्यावरून बोलू नये. न बोलणारी मुले ऐकत नाहीत, हा समज चुकीचा आहे.

रील पाहून स्वतःलाच नाव लावून घेण्याची चाल सध्या फार आहे. ओटा दोनदा पुसला की ‘मला जरा ओसीडी आहे’, चाव्या विसरल्या की ‘माझा एडीएचडी’. अशा बोलण्याने ज्याचे हात धुऊन धुऊन सोलवटलेत त्याचे दुखणे हलके होते, म्हणून ते टाळावे. पण जो तिशी-पस्तिशीत वाचून वाचून स्वतःला ओळखू लागतो, त्याला ‘खूळ’ म्हणून झटकणेही चूक आहे. मोठेपणी निदान झालेल्या पुष्कळांचा प्रवास अशाच ओळखीने सुरू होतो. स्वतःला समजून घेण्यासाठी, गटात बसण्यासाठी स्वतः लावलेले नाव पुरते. औषध, परीक्षेतली सवलत किंवा नोकरीतली सोय हवी असेल, तर मनोविकारतज्ज्ञाची किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची तपासणी लागते. तिथे स्वतःचे निदान चालत नाही. कोणाकडे जावे हेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही.

कागदावर लिहिताना शब्द जुना की नवा हे पाहणे महत्त्वाचे, कारण कायद्याने शब्द बदलले आहेत आणि छापील अर्ज नेहमी मागे राहतात. १९१२च्या कायद्यात ‘ल्युनॅटिक’ आणि ‘इडियट’ हे शब्द व्याख्येतच होते. १९८७च्या कायद्याने ते काढले. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्यातले कलम ३ प्रत्येक कुटुंबाने वाचावे असे आहे : केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी ‘विकल मनाचा’ ठरत नाही, ते ठरवणे न्यायालयाचे काम; आणि पूर्वी कधी उपचार घेतले किंवा दाखल झाले होते, एवढ्यावरून आज आजार आहे असे धरता येत नाही. केसपेपरवरच्या नावालाही मुदत असते, हे कायदाच सांगतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत मानसिक आजार, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडीचा वेगळा उल्लेख नाही. ‘मतिमंद’ हा शब्द अनेक विशेष शाळांच्या नावांत अजून आहे, पण नव्या अर्जात ‘बौद्धिक अक्षमता’ लिहावे. स्वावलंबन पोर्टलवरून मिळणाऱ्या यूडीआयडी या अपंगत्वाच्या ओळखकार्डावर ४० टक्क्यांहून कमी अपंगत्वाला पांढरा, ४० ते ७९ला पिवळा आणि ८० व त्यापुढे निळा रंग असतो. बहुतेक सवलती ४०पासून सुरू होतात. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या गटाला मिळून आहे. दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमतेच्या सवलती महाराष्ट्राने १९९६ पासूनच सुरू केल्या. निदानाची नावे मात्र तज्ज्ञांच्या पुस्तकांत बदलत राहतात. ‘अ‍ॅस्परगर’ हे नाव अमेरिकन नियमावलीतून २०१३ मध्ये गेले आणि ऑटिझममध्ये मिसळले. ज्यांच्या जुन्या अहवालावर ते आहे त्यांनी अहवाल जपावा, पण अर्जासाठी नव्या नावाचा अहवाल घ्यावा. कार्ड काढणे सक्तीचे नाही, आणि काढले म्हणून ते सगळ्यांना दाखवावे लागते असेही नाही.

कोणाला सांगावे, हा प्रश्न नावापेक्षा अवघड आहे. शाळेला सांगताना नावाबरोबर वर्गात काय करायचे ते सांगावे : पुढच्या बाकावर बसवा, सूचना एकेक द्या, मोठ्याने वाचायला उभे करू नका. नुसते ‘ऑटिझम’ ऐकून शिक्षक घाबरतात, तीन ठोस सूचना मिळाल्या की बहुतेक जण करतात. कामाच्या ठिकाणी वरिष्ठाला निदान न सांगताही सोय मागता येते. लेखी सोय हवी असेल तर कागद लागतो. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कामावरून काढता किंवा पदावरून उतरवता येत नाही. लग्नाच्या बोलणीत लपवालपवी महागात पडते. हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाच्या गोष्टीबाबत फसवणूक हे विवाह रद्द ठरवण्याचे कारण आहे, आणि आजार लपवल्याचे खटले न्यायालयांत येतात. तिथे नुसते नाव टेकवू नये. आजार केव्हा झाला, उपचार कोणते, गेल्या दोन-तीन वर्षांत तब्येत कशी राहिली, कामधंदा कसा चालतो, हे मुलाने किंवा मुलीने स्वतः, ज्याच्याशी लग्न करायचे त्यालाच सांगावे. मधल्या काकांमार्फत गेलेला निरोप वाटेत भलतेच रूप घेतो.

फ्लॅट स्कीमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘तिसऱ्या माळ्यावरचा मेंटल’ असा मजकूर येतो, त्याचे काय करावे? पहिल्यांदा लिहिणाऱ्याशी एकट्याने बोलावे. गटावर उत्तर दिले की तमाशा होतो आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याचीच चर्चा लांबते. ऐकले नाही तर सोसायटीच्या समितीला लेखी द्यावे. अपंग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे हा २०१६च्या कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. हा शेवटचा मार्ग आहे, कारण उद्याही त्याच लिफ्टने ये-जा करायची असते. उपचार घेत असलेल्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यालाही २०१७च्या कायद्यात बंदी आहे. नाटक-सिनेमातल्या विनोदाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना एक उपयोगी भेद केला : अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा, अपंग माणसाला खाली ओढणारा विनोद वेगळा. गणेशोत्सवातल्या एकांकिकेत ‘येडा’ हे पात्र घालणाऱ्या मंडळाने लिहिण्याआधी हा भेद वाचावा. त्या पात्राच्या तोंडी असे एक तरी वाक्य आहे का, ज्यावर प्रेक्षक त्याच्याबरोबर हसतील? नसेल तर पात्र काढलेले बरे.

शुभार्थी स्वतःला गमतीने ‘आम्ही येडे’ म्हणतो तेव्हा घरच्यांनी काय करावे, हेही अनेकदा विचारले जाते. हसावे, पण शब्द उचलू नये. तो त्याच्या तोंडी शोभतो, कारण त्याची किंमत त्याने मोजलेली असते. मात्र तोच शब्द तो रोज, हताशपणे, ‘माझ्यासारख्या येड्याला कोण काम देणार’ अशा सुरात वापरू लागला, तर ते स्वाभिमानाचे लक्षण नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालावे.

मुलांच्या बाबतीत नावाची निवड काही वर्षे आईवडिलांकडे असते. ती तात्पुरती धरावी. बारा-तेराव्या वर्षापासून मुलाला त्याचा अहवाल त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवावा, आणि नातेवाइकांत काय सांगायचे ते त्याच्याशी ठरवावे. अठरा पूर्ण झाल्यावर २०१७च्या कायद्याप्रमाणे प्रत्येकाला आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो : पुढे कधी आजाराने निर्णय घेण्याची क्षमता राहिली नाही, तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोणी बोलायचे. त्याआधी हा निर्देश पालक करू शकतात. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही. संबोधनासाठी त्यात वेगळा रकाना नाही, पण काळजी कशी घ्यावी हे सांगण्याच्या जागी ‘वॉर्डात मला माझ्या नावाने हाक मारावी, माझ्यासमोर माझ्या आजाराच्या नावाने माझा उल्लेख करू नये’ असे लिहायला कोणाची हरकत नसते.